बाबांसाठी भेट घेताना: दुकानात जाण्याआधी घर बघा

"बाबा, तुम्हाला काय आणू?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक मराठी घरांत एकच असतं: "मला काय करायचंय? आहे की सगळं." मग मुलगा किंवा मुलगी दुकानात जाऊन पाकीट-पट्ट्याचा संच नाहीतर सेंटची बाटली उचलते. बाबा "कशाला उगाच खर्च?" म्हणतात, एकदा उघडून बघतात, पुन्हा खोक्यात घालतात आणि खोकं कपाटाच्या वरच्या कप्प्यात जातं. तिथे आधीच्या वर्षीचं खोकं असतंच.

नुकतीच नोकरी लागली आहे आणि स्वतःच्या पैशाने पहिल्यांदाच वडिलांसाठी काही घ्यायचं मनात आहे, अशांसाठी हे लिहिलंय. बाबा तोंडाने काही मागणार नाहीत. पण दोरी बांधून, चिकटपट्टी लावून, खिळ्याने भोक पाडून ते ज्या वस्तू चालवत असतात, त्यांच्याकडे बघितलं की बरंच कळतं. दुकान नंतर.

पहिली पायरी: आठवडाभर नुसतं बघा

बाबांचा दिवस ठरलेला असतो, त्यामुळे हे काम अवघड नाही. दूध आणायला जाताना पायात काय सरकवतात, पेपर वाचताना हात किती लांब नेतात, शर्टाच्या खिशातून काय काय निघतं, बाहेर पडल्यावर कशासाठी मागे येतात. चष्म्याची काडी फेविक्विकने चिकटवलेली असते. बॅटरी थापट मारल्याशिवाय पेटत नाही. पट्ट्याला घरीच पाडलेलं एक जादा भोक असतं. छत्रीची काडी तारेने बांधलेली असते. हे सगळं गुपचूप मोबाइलमध्ये टिपून ठेवा.

यातल्या काही वस्तू ते निव्वळ खर्च टाळायला रेटत असतात. काहींवर मात्र त्यांचा जीव असतो आणि त्या दुरुस्त करत बसण्यातच त्यांना मजा येते. कुठली कशातली हे ओळखायला सहज विचारा, "ही टाकून नवी आणू का?" "चालतंय की अजून" असं उत्तर आलं आणि नजर पेपरातच राहिली, तर खुशाल नवी आणा. पण त्यांनी ती वस्तू हातात घेतली, पुसली, कुठून आणि कधी घेतली ते सांगायला लागले, तर बदलायच्या भानगडीत पडू नका. ती नीट करून द्या.

आईला विचाराच, पण तिच्या यादीत कायम दोन चांगले शर्ट असतात. बाबांना काय हवंय यापेक्षा बाबांनी कसं दिसावं हे ती सांगत असते. सकाळी त्यांच्याबरोबर फिरायला जाणारे काका, ऑफिसातले जुने सहकारी, कट्ट्यावरची मंडळी जास्त उपयोगी पडतात. शाळेत पेटी शिकायची राहून गेली, अमक्याच्या मुलाने आणलेली सायकल झकास आहे, असलं बोलणं घरात होत नाही, तिथे होतं.

पैशांचं म्हणाल तर एकच पथ्य: हप्त्यावर घेतलेली भेट बाबांना पचत नाही. हप्ता संपेपर्यंत ते दर महिन्याला त्याची चौकशी करतात.

कपाटात चावीचं घड्याळ असेल तर

साठीच्या पुढच्या वडिलांकडे एखादं एचएमटी असण्याची शक्यता बरीच. या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरात घड्याळं करायला सुरुवात केली आणि पुढे कित्येक वर्षं नोकरी लागली की एचएमटी, लग्न ठरलं की एचएमटी, असंच चाललं. तिचा घड्याळांचा धंदा बंद करायचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. तरी 'जनता', 'पायलट' ही घड्याळं अजून सुरू होतात, कारण यंत्र साधं आहे आणि बंद पडलेल्या दुसऱ्या घड्याळांतून सुटे भाग मिळतात. सासऱ्यांनी दिलेलं किंवा पहिल्या पगारातून घेतलेलं असं घड्याळ कित्येक वर्षांनी पुन्हा टिकटिकायला लागणं, याच्या जवळपास जाणारी भेट मला तरी माहीत नाही. आणि ती बहुतेक वेळा नव्या घड्याळापेक्षा स्वस्तात पडते.

फक्त दुकान नीट निवडा. मॉलमधल्या शोरूममध्ये सेल आणि पट्टे बदलून मिळतात, चावीच्या घड्याळाचं काम तिथे बहुधा होत नाही. जुन्या बाजारपेठेत अरुंद गाळ्यात डोळ्याला भिंग लावून बसलेला कारागीर शोधा. घड्याळ देण्याआधी त्याच्यासमोरच मागचं झाकण उघडायला सांगा आणि आतल्या यंत्राचा फोटो काढून ठेवा. मग स्पष्ट सांगा: ऑइलिंग-सर्व्हिसिंग करायचं, कमान तुटली असेल तर बदलायची, पण डायल रंगवायची नाही आणि काटे बदलायचे नाहीत. "एकदम नवं करून देतो" असं म्हणणाऱ्यापासून सावध राहा. मागच्या झाकणावर नाव किंवा तारीख कोरलेली असेल तर पॉलिशच्या नादात ती घासली जाते. पुढची काच बहुधा प्लॅस्टिकची असते, तिच्यावरचे ओरखडे पॉलिशने बरेचसे जातात. पट्टा घेताना घड्याळाच्या दोन कानांमधलं, म्हणजे पट्टा जिथे अडकतो त्या टोकांमधलं, अंतर मिलिमीटरमध्ये मोजून न्या.

हाती देताना एवढं सांगा, की रोज सकाळी साधारण एकाच वेळी चावी द्यायची, चावी अडली की थांबायचं, आणि हात धुताना घड्याळ काढायचं. वेळ रोज थोडी मागेपुढे होणारच. हे बाबांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं, पण सांगू द्या त्यांना.

आणि एक. घरात जुनं घड्याळ नाही म्हणून इंटरनेटवरून 'व्हिंटेज एचएमटी' मागवायचं ठरवलंत, तर भडक निळ्या-केशरी डायलची, चकचकीत आणि आश्चर्य वाटावं इतकी स्वस्त घड्याळं टाळा. बहुतेकदा ती चार घड्याळांचे भाग जोडून, डायल नव्याने रंगवून केलेली असतात.

फोटो

लग्नातला, कॉलेजातला, आजोबांच्या शेजारी उभा असलेला बाबांचा एखादा फोटो कुठेतरी असतोच. तो मोठा करून लावणं ही जुनीच कल्पना आहे, पण अजून चालते. मोबाइलने फोटोचा फोटो काढू नका, स्कॅन करून घ्या. ६०० डीपीआयवर (म्हणजे एका इंचात ६०० ठिपके) स्कॅन केलं की मूळ आकाराच्या दुप्पट प्रिंट ३०० डीपीआयला व्यवस्थित निघते. पावसाळी ओलीमुळे फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका, वरचा थर काचेवर राहतो. काचेसकटच स्कॅन करा. नवी फ्रेम करताना फोटो आणि काच यांच्यामध्ये पुठ्ठ्याचा माउंट घालायला सांगा, म्हणजे हीच वेळ पुन्हा येणार नाही.

हल्ली जुने फोटो 'सुधारून' देणारी ॲप आहेत. ती डाग काढतात, पण धूसर चेहऱ्यात डोळे-नाक स्वतःच्या मनाने भरतात, आणि आजोबांच्या जागी कुणी भलताच गृहस्थ येऊन बसतो. डाग राहिले तरी चालतील.

गटाचा फोटो असेल तर तो आधी बाबांपुढे ठेवा, एकेकाचं नाव विचारा आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू ठेवा. त्यातले निम्मे लोक तुम्ही कधी पाहिलेले नसतात. नावं नंतर मूळ फोटोच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने लिहा. बॉलपेनने लिहिलं तर पुढून उमटतं.

अंगावर आणि पायात घालायच्या वस्तू

शर्टाच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कापड नाही, रंग नाही; खिसा. चष्मा, पेन, मोबाइल, बसचं तिकीट, औषधाची चिठ्ठी आणि कुठलीशी पावती एवढं सगळं त्या एका खिशात राहतं. बिनखिशाचा कुर्ता कितीही सुंदर असला तरी तो फक्त कुणाच्या तरी लग्नात दिसेल. माप घ्यायचं तर त्यांच्या सगळ्यात जुन्या, रोजच्या शर्टाचं घ्या, म्हणजे जो त्यांना खरोखर बसतो त्याचं. शर्ट सपाट पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. दुकानातल्या तयार शर्टाशी हेच मोजमाप ताडून बघा, कॉलरवरच्या आकड्यावर जाऊ नका. कंपनीगणिक ४२ चा अर्थ बदलतो.

शर्टपीस देत असाल तर शिलाईसकट द्या. ५८ इंच पन्ह्याचं कापड असेल तर पूर्ण बाह्यांच्या शर्टाला साधारण १.६० मीटर लागतं. नुसता शर्टपीस दिलात तर तो पुढच्या लग्नसराईत कुणाच्या तरी आहेरात जाणार, हे लिहून ठेवा. बाबांना त्यांच्या नेहमीच्या शिंप्याकडे घेऊन जा, माप द्यायला लावा, पैसे आगाऊ भरा.

चपला-बुटांचं माप संध्याकाळी घ्यावं, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. कागदावर उभं करून दोन्ही पावलांभोवती पेन्सिल सरळ धरून रेघ काढा, टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत सेंटिमीटर मोजा आणि मोठ्या पावलाचं माप धरा. काहींचं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं, ते विसरलात तर नवा बूट आठवड्यात बाजूला पडतो. आपल्याकडे बुटाचा नंबर बहुधा ब्रिटिश मापाचा असतो, पण कंपनीचा सेंटिमीटरचा तक्ता बघूनच घ्या. मधुमेह असेल तर जरा सैल आणि आतून शिवण न टोचणारा जोड हवा. पायाची जाणीव कमी झालेली असेल तर चप्पल चावतेय हे त्यांना कळतच नाही, जखम झाल्यावर कळतं.

कोल्हापुरी द्यायची हौस असेल तर महिना बघा. फादर्स डे जूनच्या तिसऱ्या रविवारी येतो, म्हणजे नेमका पाऊस सुरू होताना, आणि वनस्पतिजन्य पदार्थांनी कमावलेल्या चामड्याला पाणी अजिबात चालत नाही. कोल्हापुरी दिवाळीला द्या. या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात. अस्सल जोड पहिले काही दिवस चावतो, पट्ट्याला आतून थोडं तेल लावलं की सैलावतो. जूनमध्ये द्यायचीच असेल तर न उलटणारी छत्री द्या. किंवा स्कूटरवर जाणाऱ्या बाबांना जाकीट आणि पँट असा दोन तुकड्यांचा रेनकोट.

आणि हो, शनिवारी चप्पल घ्यायची नाही असं अनेक घरांत मानतात. तुम्ही मानत नसाल, पण चप्पल घालणारे तुम्ही नाही.

बाबा शेतकरी असतील तर

शहरात नोकरी करणारी मुलं गावाकडच्या वडिलांसाठी हमखास जाकीट नाहीतर स्मार्टवॉच नेतात. त्याऐवजी एकदा रात्री त्यांच्याबरोबर दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जा. कृषिपंपाची लाइट पाळीपाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की गावाकडचे बाबा, म्हणजे अण्णा, मध्यरात्री मोटार चालू करून सरीत उभे. एका हातात खोरं, दुसऱ्या हातात बॅटरी, मोबाइल वाजला की तो खांदा आणि कानाच्या मध्ये. बांध फोडून दुसऱ्या वाफ्यात पाणी वळवायला दोन हात लागतात, म्हणून बॅटरी दातात धरलेली तुम्हाला दिसेल. काय आणायचं ते तिथेच कळतं.

डोक्याला लावायचा, चार्जिंगचा टॉर्च. घेताना तीन गोष्टी बघा. चार्जिंग मोबाइलच्याच केबलने व्हावं, नाहीतर ती वेगळी केबल हरवली की टॉर्च संपला. कमी प्रकाशावर रात्रभर टिकला पाहिजे. खोक्यावर छापलेले तास बहुधा सगळ्यात मंद प्रकाशाचे असतात, त्यामुळे घरी एकदा लावून बघा. आणि पाणी उडालं तरी चालणारा हवा, त्याची खूण आयपीएक्स ४ किंवा वरचा आकडा. पावसाळ्यात पांढऱ्या प्रकाशावर किडे थेट तोंडावर येतात, पिवळसर प्रकाशाचा पर्याय असेल तर त्रास कमी होतो.

त्याच्या जोडीला गुडघ्यापर्यंतचे गमबूट. रात्री पाणी सोडलेल्या रानात घोणस, मण्यार, नाग यांची भीती असते, आणि साप चावण्याच्या बहुतेक घटनांत दंश पायावरच होतो. मोज्यासकट बसतील असे, किंचित मोठे घ्या. अण्णा सुरुवातीला हसतील, "काय मिलिटरीत भरती झालो का" म्हणतील. काळ्या रानात चिखल चिकटून बूट जड होतात ही तक्रार मात्र खरी आहे, म्हणून तळाची नक्षी फार खोल नसलेला जोड बघा. घालण्याआधी उलटा करून झटकायची सवय लावा, आत विंचू बसतो.

घोंगडी ही अशा घरांत अजून मानाची भेट आहे. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, हातमागावर विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी नवी असताना कडक आणि टोचरी असते. तशीच असायला हवी. लोण्यासारखी मऊ 'घोंगडी' बाजारात मिळते, तिच्यात लोकर किती आहे हे विचारून घ्या.

वाचन आणि रेडिओ

वाचणाऱ्या बाबांना पुस्तक देताना त्यांनी ते आधीच वाचलेलं असण्याचा धोका असतो. ग्रंथालयाची वर्षाची वर्गणी भरलीत तर तो प्रश्नच उरत नाही, शिवाय रोज बाहेर पडायला निमित्त मिळतं. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून. तुमच्या गावातही एखादं असेल. आधी आत जाऊन बघा, जिने किती आहेत आणि बसून पेपर वाचायला उजेड आहे का. दिवाळी अंकांचा संच हा दुसरा चांगला पर्याय. पण आवडते अंक त्यांच्याकडूनच वदवून घ्या, नाहीतर राशिभविष्यवाले चार आणि पाककृतींचे दोन हाती येतात.

रेडिओ ऐकणाऱ्यांसाठी एक तांत्रिक गोष्ट. बाजारातल्या बहुतेक ब्लूटूथ स्पीकरांत एफएम असतं, मीडियम वेव्ह नसतं. बाबा आकाशवाणीचं जे केंद्र लावतात ते नेमकं कशावर लागतं हे आधी त्यांच्या जुन्या रेडिओच्या काट्यावर बघा. मीडियम वेव्ह असेल तर तसाच सेट घ्या आणि तो एलईडी दिवे आणि चार्जर यांच्यापासून लांब ठेवा, नाहीतर बातम्यांपेक्षा खरखर जास्त. जुनी गाणी आधीच भरलेले रेडिओसारखे सेटही मिळतात. त्यांत मराठी गाणी किती, ते विचारून मगच पैसे द्या.

औषधपाण्याच्या वस्तू

रक्तदाबाचं यंत्र, कानाचं यंत्र, गुडघ्याचा पट्टा. घ्या, पण रंगीत कागदात गुंडाळून वाढदिवसाला देऊ नका. चारचौघांत कानाचं यंत्र हातात पडलेला माणूस ते कधीच वापरत नाही. एरवीच्या दिवशी, घरच्यांपुरतं, जमलं तर आईच्या यंत्राबरोबर.

रक्तदाबाचं यंत्र मनगटाचं नको, दंडाचं घ्या, आणि आधी दंडाचा घेर मोजा. नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराचा असतो. दंड जाड असेल तर तो पट्टा रक्तदाब उगाच जास्त दाखवतो आणि घरभर घबराट होते. कानाच्या बाबतीत यंत्र सगळ्यात शेवटी. आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा, कधी कधी नुसता मळ निघतो आणि टीव्हीचा आवाज आपोआप खाली येतो. नाही आला तर ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून त्या आलेखानुसार यंत्र बसवून घ्या. ऑनलाइन मिळणारी स्वस्त यंत्रं सगळेच आवाज मोठे करतात, कुकरची शिट्टीसुद्धा. बोटं थरथरत असतील तर बारीक सेलचं यंत्र नको, चार्जिंगचं बघा.

या गटातली एकच वस्तू मी खुशाल भेट म्हणून देईन: चाळिशीचा दुसरा जोड, ताज्या नंबरचा. एक पेपरपाशी, एक देवघरात. घरातली निम्मी शोधाशोध संपते.

फोन देणार असाल तर

फोनची भेट म्हणजे फोन नव्हे, तुमचा एक अख्खा रविवार. जुन्या फोनमधले नंबर, व्हॉट्सॲपचे सगळे गट, नातवाचे फोटो आणि ती ठरावीक रिंगटोन नव्या फोनवर आल्याशिवाय तो त्यांचा होत नाही. अक्षरं मोठी करा, मराठी कीबोर्ड आणि बोलून टाइप करायची सोय लावून द्या. यूपीआय नव्याने सुरू करायला बँकेत नोंदवलेल्या नंबरचं सिम त्याच फोनमध्ये लागतं, त्यामुळे सिम आधी हलवा. जुन्या फोनमधलं काहीही महिनाभर पुसू नका. "कुणी सांगितलं म्हणून ॲप टाकायचं नाही आणि ओटीपी सांगायचा नाही" हे वाक्य त्याच बैठकीत होऊन जाऊ द्या.

वस्तू नकोच असेल तर

त्यांचं जुनं गाव, पहिली नोकरी लागली ते शहर, ज्या शाळेबद्दल ते सतत बोलतात ती शाळा. तिथे त्यांना घेऊन जा. अट एवढीच की कार्यक्रम त्यांनी ठरवायचा आणि तुम्ही मध्येच मॉल काढायचा नाही. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होतं. ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, पण साठीपुढच्या पुरुषांना खालच्या बर्थसाठी ज्येष्ठ नागरिक कोटा आहे, तिकीट काढताना तो निवडा. एसटीने जात असाल तर ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट आणि ७५ पूर्ण झालेल्यांना राज्यात ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे; वयाचा पुरावा बरोबर ठेवा. मोफत तिकीट मिळालं की काही बाबांना सगळी सहल त्यातच वसूल झाल्यासारखी वाटते.

परदेशातून येणाऱ्यांसाठी एकच सूचना: अमेरिकेतून दाढीचं यंत्र, हीटिंग पॅड वगैरे आणताना चार्जरवर किंवा वस्तूवर '१००–२४० व्होल्ट' असं लिहिलेलं आहे ना ते बघा. तिकडे विजेचा दाब साधारण १२० व्होल्ट, इकडे २३०. नुसती पिन बदलून भागत नाही, यंत्र जळतं.

कधी द्यायचं

फादर्स डे अमेरिकेतला. आईच्या माघारी मुलं वाढवणाऱ्या आपल्या वडिलांसाठी सोनोरा स्मार्ट डॉड यांनी स्पोकेन शहरात तो १९ जून १९१० रोजी साजरा करवला आणि १९७२ मध्ये तिथे कायद्याने त्याला मान्यता मिळाली. साजरा करायला हरकत काहीच नाही. पण आपल्याकडे दिवाळीचा पाडवा आहेच. त्या दिवशी बायको नवऱ्याला ओवाळते आणि पुष्कळ घरांत मुलीही वडिलांना ओवाळतात, मग ओवाळणी घालायची ती बाबांनी. पहिल्या पगाराच्या वर्षी त्याच ताटातून उलट काही दिलंत तर बाबा गोंधळतील, पण नाकारणार नाहीत. साठीशांत, पंच्याहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन हे मोठे प्रसंग. तिथे शालींचा ढीग जमतो, तुम्ही शाल आणू नका. वाढदिवस पितृपक्षात येत असेल तर आईला विचारून पुढे ढकला, बऱ्याच घरांत त्या पंधरवड्यात नवी वस्तू घेत नाहीत.

देताना आणि दिल्यानंतर

"केवढ्याला पडलं?" हा प्रश्न येणारच, उत्तर आधी ठरवून ठेवा. किंमत थोडी कमी करून सांगणं हा सर्वमान्य रिवाज आहे, पण अर्ध्याच्या खाली जाऊ नका. इतकं स्वस्त मिळतंय म्हटल्यावर बाबा शेजारच्या काकांसाठी आणि मामांसाठी आणखी दोन मागवायला सांगतात, आणि वरचे पैसे तुम्हाला भरावे लागतात.

खोक्यासकट देऊ नका. वेष्टन काढा, चार्ज करा, पट्टा बसवा, सेल घाला, लेबल कापा. मात्र मापाची वस्तू असेल तर त्यांनी घालून बघेपर्यंत लेबल राहू द्या. मग जुनी वस्तू जिथे असायची तिथेच नवी ठेवा: टॉर्च खुंटीला, चष्मा पेपरावर, चप्पल दारात. जुनी लगेच फेकू नका. पहिले काही दिवस ते दोन्ही वापरतात, जुनीला निरोप द्यायची वेळ त्यांची त्यांना ठरवू द्या.

वापरतात की नाही हे रोज विचारू नका. महिनाभराने बघा. वस्तू पुन्हा खोक्यात गेलेली दिसली तर बहुधा काहीतरी बारीकसं अडलेलं असतं: बटण कडक आहे, अक्षरं बारीक आहेत, टाचेला लागतंय, आणि "एवढ्या हौसेने आणलंय" म्हणून ते सांगत नाहीत. चहाच्या वेळी "मी वापरून बघू का?" असं म्हणून ती वस्तू त्यांच्यासमोर हातात घ्या. काय अडतंय ते ते लगेच दाखवतात. बिल जपून ठेवलेलं असेल आणि मुदत असेल तर बदलून आणा. मुदत गेली असेल तर तोच नंबर कुठल्या काकांना बसतो ते बघा. अशी अदलाबदल बाबांना स्वतःला करायला आवडते, ती त्यांच्यावर सोपवा.